दुमडीतला दोरा

१

"रफूताईनं नोटीस दिली म्हणे. आता बघ, अक्कांचं झालं तेच हिचं होणार. इथून नोटीस देऊन गेलेली बाई घरी…"

पुढचं वाफेनं गिळलं. बोलता बोलता थोरल्या इस्त्रीवालीने नेमकं तेव्हाच पायाखालचं पेडल दाबलं होतं. वाफ विरेपर्यंत दारात उभी असलेली रफूताई दोघींना दिसली. धाकटीने सरळच असलेली कॉलर पुन्हा सरळ केली. थोरली म्हणाली, "या ताई, आज फार गरम होतंय हो." लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत थंड दिवस कधी उजाडला होता, ते तिलाच ठाऊक.

रफूताई हसली आणि जिन्याकडे वळली. सव्वीस वर्षांत लोकांचं बोलणं ऐकून तिच्या कानांना घट्टे पडले होते. पण अर्धं ऐकलेलं वाक्य दातात अडकलेल्या धाग्यासारखं असतं, जीभ आपली सारखी तिथेच जाते. घरी काय? घरी रमत नाही? घरी बसून खंगते? की घरी पोचतच नाही?

नोटीस तिने सोमवारी दिली होती. कारण साधं होतं. मुलगी दूर परगावी, पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं आणि जावई कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला. आईने नाही जायचं तर कोणी जायचं? मालकांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "महिना भरा, हातातली कामं संपवा, झालं." राहा म्हणून एका शब्दानेही म्हणाले नाहीत. ते तिला थोडं लागलं. जायचं तर आपल्यालाच असतं, तरी कोणी पदर धरून ओढावं असं वाटतंच माणसाला.

२

रफूची खोली वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. उत्तरेची एक खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर भिंग, सुयांची डबी, बोटात घालायचं अंगुस्तान. दोन खुर्च्या. एक तिची. दुसरी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, आधीच्या रफूवाल्या अक्कांची. तिच्यावर कोणी बसत नसे. ती फिरवायचंही सव्वीस वर्षांत कोणाच्या मनात आलं नाही.

काम म्हटलं तर एका वाक्यात सांगता येईल. कोटाला सिगारेटने भोक पडलं, शालीला कसर लागली, की त्या भोकात उभे-आडवे धागे असे विणायचे की मालकालाही आपलं भोक सापडू नये. पण दोरा बाजारातला चालत नाही, रंग कितीही जुळला तरी उजेडात चोर उघडा पडतो. दोरा त्याच कापडाचा लागतो. मग तो काढायचा आतल्या दुमडीतून, जिथून चार धागे गेले तरी बाहेरून कोणाला कळत नाही. अक्का म्हणायच्या, "कापडाचं भोक कापडानेच भरायचं. दिसेल तिथलं घ्यायचं नाही, एवढी माया ठेवायची."

त्या गुरुवारी ती नेहमीप्रमाणे नऊला वर आली, खिडकी उघडली आणि टेबलावर राखाडी कोट पाहून थबकली. हा कोट काल संध्याकाळी आला होता. बाहीवर रुपयाएवढं भोक. तिने चिठ्ठी टाचली होती आणि उद्याला ठेवला होता.

भोक नव्हतं.

तिने बाही भिंगाखाली धरली. रफू झाला होता, आणि तिच्याच हातचा. शेवटचा धागा कापताना ती केसभर शेपूट आत वळवून ठेवायची, ही तिची खोड. दुसऱ्या कोणाला ती माहीतही नसेल. शेपूट आत वळवलेलं होतं.

आपणच काल केला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. जायच्या तंद्रीत माणूस काय करतं आणि काय विसरतं. शेजारच्या वृद्ध काकांनी एकदा चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला होता, तसंच हे. चिठ्ठी काढून तिने कोट खाली पाठवला. पण दिवसभर तिचा अंगठा मधल्या बोटावरून फिरत राहिला. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि दुपार टळेपर्यंत ते काय ते उमगलं नाही.

बोटावरचा घट्टा गेला होता. इतक्या वर्षांच्या सुईने पडलेला, हरभऱ्याएवढा, टणक. तिथली कातडी लहान मुलीच्या बोटासारखी मऊ लागत होती.

३

नंतर हे रोजचंच झालं. ती यायच्या आत एखादं काम झालेलं असायचं. कधी स्वेटर, कधी शाल, एकदा तर एका वकिलाचा काळा डगला, ज्याला तिला स्वतःला दोन दिवस लागले असते.

तिने खालच्यांना विचारून पाहिलं. धाकटी इस्त्रीवाली म्हणाली की वरच्या खोलीची किल्ली तर ताईंच्याच कमरेला असते. थोरलीने नुसतं पेडल दाबलं. मालकांनी मान डोलावली, "चांगलं आहे की. बटणंसुद्धा अशीच होतात ना वर? तुम्ही येण्याआधीपासून होतात."

बटणांचं खरं होतं. सैल बटणांचे कपडे वर येत, आणि सकाळी ती पाहायची तर बटणं घट्ट बसलेली. इस्त्रीवाल्या जाताना चार टाके घालून जात असतील असं पहिल्या आठवड्यात तिने धरलं, आणि धरलेलं सव्वीस वर्षं सोडलं नव्हतं. आता विचारायची तिची छाती झाली नाही.

एका सकाळी तिने झालेला स्वेटर उलटा केला. इतके दिवस हे सुचलं कसं नाही याचं तिलाच नवल वाटलं. रफू कसाही असो, कोणीही केलेला असो, दुमड उसवून पाहिली की धागे काढल्याची विरळ रेघ सापडतेच. तिने खालची पट्टी पाहिली, बाह्यांची पाहिली, गळ्याचीही पाहिली.

एकही धागा निघालेला नव्हता. स्वेटर आतून जसाच्या तसा भरगच्च होता.

ती कितीतरी वेळ तो मांडीवर घेऊन बसली. भोक भरलं होतं. रंगात, पिळात, जाडीत तसूभर फरक नव्हता. मग दोरा आला कुठून?

मागे, भिंतीकडच्या खुर्चीतून, वेत कुरकुरावा तसा बारीक आवाज आला. जुनं लाकूड हवा बदलली की बोलतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. जुनं लाकूड बोलतंच, असं दोनदा मनात म्हणून ती खाली चहाला गेली.

४

मुलीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पडून पडून ती कंटाळलेली, त्यामुळे बोलणं लांबायचं. त्या दिवशी म्हणाली, "आई, ते सुईचं गाणं म्हण ना. बाळाला म्हणायचं तर मला पहिलीच ओळ येते."

गाणं कसलं, रफूताईचंच वेडंवाकडं रचलेलं. मुलगी तान्ही असताना झोपेना, तेव्हा टेबलावर जे दिसलं त्याचं केलेलं. चार ओळी. घराबाहेर ते कोणाला माहीत नव्हतं, कागदावर कधी उतरलं नव्हतं. नवरा जिवंत असताना चिडवायचा की रफूवालीची पोर, हिला अंगाईतही बटणं.

"सुई गेली गावाला, दोरा बसला रुसून," रफूताई म्हणाली आणि थांबली.

"हां, पुढे?"

पुढे काही नव्हतं. विसरलेल्या गोष्टीची जागा तरी हाताला लागते, नाव जिभेवर येतं, चाल कानात घोळते. इथे तसलं काही नव्हतं. जिथे दुसरी ओळ असायला हवी होती तिथे गुळगुळीत होतं, तिच्या बोटासारखं.

"आई?"

"अगं, दूध उतू जातंय," ती म्हणाली. गॅस बंद होता.

त्या संध्याकाळी तिने आपल्या मनाचं कपाट उलटंपालटं केलं. लग्न आठवत होतं, कळा आठवत होत्या, मुलीची शाळा, घराचं भाडं, नवऱ्याच्या आजारपणातले डॉक्टर, त्यांच्या गाडीचा रंगसुद्धा. जे चारचौघांत सांगता येतं ते सगळं जागच्या जागी होतं. मग तिने नवऱ्याचं हसू आठवायचा प्रयत्न केला. फक्त तिच्याशीच, स्वयंपाकघराच्या दारात, तो घशातल्या घशात हसायचा ते. तो दारात उभा राहिलेला दिसला. तोंड हलताना दिसलं. आवाज आला नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती. तिने दिवा चालू ठेवूनच डोळे मिटले.

५

रविवारी ती अक्कांकडे गेली. अक्का आता मुलाकडे राहत, बसने अर्ध्या तासावर. अठ्ठ्याहत्तरी उलटलेली, तब्येत ठणठणीत, गाल वर आलेले. रफूताईला पाहून त्यांना आनंद झाला. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचं घर झालं, कुठल्या गिऱ्हाइकाने कोट पाच वर्षं नेलाच नाही, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. सून चहा ठेवत म्हणाली, "सासूबाईंची आठवण म्हणजे टाचणी पडली तरी नोंद. आम्हालाच लाज वाटते."

भिंतीवर एका गृहस्थांचा फोटो होता. अक्कांनी रफूताईची नजर पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "चांगला माणूस दिसतो, नाही? कोण आहे कोण जाणे. या लोकांनी लावलाय."

सून हसली, पण डोळ्यांनी खूण केली. ते अक्कांचे यजमान होते. तीस वर्षांचा संसार. बाकी सगळं आठवतं, तेवढंच नाही, अगदी निवृत्त झाल्यापासून. डॉक्टर म्हणतात वय.

सून आत गेल्यावर अक्का पुढे सरकल्या. त्यांनी रफूताईचा हात हातात घेतला आणि मधलं बोट चाचपलं, घट्टा असायचा तिथेच.

"नोटीस दिलीस," त्या म्हणाल्या.

रफूताईने मान हलवली.

"माझं तिथे बरं चाललंय ना? बटणं होतात ना वेळेवर?"

होतात, असं ती कसंबसं म्हणाली. अक्कांना बरं वाटलेलं दिसलं. बटणं लावायला त्यांच्यासारखं कोणी नव्हतं.

"घाबरू नकोस गं. ती जागा लागेल तेवढंच घेते. वरचं काही नेत नाही, चारचौघांत कळत नाही कोणाला." मग त्या फोटोकडे पाहत राहिल्या. "आतलंच घेते फक्त."

६

सोमवारी सकाळी वर न जाता ती सरळ मालकांसमोर उभी राहिली. रात्रभर तिने हिशोब लावला होता. कापडाला भोक पडलं की कापडाचाच दोरा. मग जागेला भोक पडलं तर? भोकच पडू दिलं नाही तर दोरा कशाला लागेल?

"नोटीस मागे घ्यायची म्हणते," ती म्हणाली.

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "घ्या की. माझी कुठे ना आहे?" ड्रॉवर उघडून कागद तिच्यापुढे ठेवला. "फाडा, वर जा. काही झालंच नाही असं समजू."

इतकं सोपं होतं ते. कागद तिच्या हातात होता. आणि खरं सांगायचं तर तिने तो अर्ध्यात धरलाही होता, तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. जावई होता. आवाज ओढलेला. मुलीला पहाटे दवाखान्यात नेलं होतं, आता बरी आहे, बाळही बरं आहे, पण आता घटकाभरही एकटं ठेवू नका म्हणालेत. महिनाअखेरीपर्यंत कसंतरी सांभाळतो, पण त्यापुढे… मग फोन मुलीने घेतला.

"आई, तू येतेस ना?"

चार वर्षांची असताना अंधारात ती असंच विचारायची. उत्तर मिळेपर्यंत श्वास धरून.

"येतेय गं," रफूताई म्हणाली. "महिना भरला की दुसऱ्या दिवशी येतेय."

कागदाची तिने पुन्हा घडी घातली आणि तो स्वतःच्या हाताने ड्रॉवरमध्ये ठेवला. मालक पावत्या लावत राहिले.

त्यानंतरचे बारा दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. घरी रोज संध्याकाळी वहीत लिहून ठेवायची, आज मनात काय काय उरलंय. सकाळी वही उघडली की सगळं लिहिलेलं वाचता येई. पण एखादी ओळ दुसऱ्याच कोणा बाईच्या घरची वाटे. मुलीच्या पहिल्या पावलाबद्दल तिने लिहिलं होतं, आणि ते वाचून, छान आहे, एवढंच मनात आलं.

७

शेवटच्या दिवशी चार वाजता तिने किल्ली आणि अंगुस्तान मालकांच्या हातात दिलं. इस्त्रीवाल्यांनी तिला एक पिशवी आणि भरपूर उपदेश दिला. धाकटी रडली. थोरलीला बाजूला घेऊन रफूताईने विचारलंच, त्या दिवशी तू काय म्हणत होतीस ते पुरं कर.

थोरलीने नजर चुकवली. "लोक बोलतात हो ताई. म्हणतात, इथून नोटीस देऊन गेलेली बाई पुरती घरी पोचत नाही. तुम्ही कशाला मनावर घेता? अक्का बघा कशा टुणटुणीत आहेत."

दारापर्यंत गेल्यावर चष्म्याची डबी वर राहिल्याचं तिच्या ध्यानात आलं. दार आताच तर लावून आले, किल्ली मागायची राहिलीच, असं बोळाच्या तोंडाशी आल्यावर तिला सुचलं आणि तिने पाहिलं, दार चार बोटं उघडं होतं.

आत कोणीतरी गुणगुणत होतं.

चाल तिने ओळखली नाही. आवाज ओळखला. आपला आवाज माणसाला आतून ऐकायची सवय असते, बाहेरून तो परका वाटतो. तरी ओळखला.

"सुई गेली गावाला, दोरा बसला रुसून. बटण म्हणे काजाला, ये ना जवळ बसून…"

रफूताई भिंतीला चिकटून उभी राहिली. भीती होती, पण भीतीच्या वर हाव चढली. ओठ हलवत ती एकेक शब्द उचलू लागली, ये ना जवळ बसून, ये ना जवळ बसून. मुलीसाठी घेऊन जाईन. चोरून का होईना, आपलीच वस्तू आहे.

"कात्री निजली कोपऱ्यात, पाय पोटी मुडपून…"

फटीतून पाठ दिसत होती. तिच्या अंगात आत्ता होता तोच करडा स्वेटर. वर गुंडाळलेले केस, त्यात खोचलेली पेन्सिल. तिने आपल्या डोक्याला हात लावला. पेन्सिल तिच्याही केसांत होती. खिडकीच्या उजेडात उजवा हात वर गेला, सुई चमकली, आणि हात तसाच वर थांबला.

गाणंही थांबलं.

पुढची ओळ आली नाही. पाठ जराशी ताठ झाली. कान देऊन कोणी वाट पाहतं तशी. भिंतीकडची खुर्ची आता खोलीकडे वळलेली होती. तिच्यावर काय होतं ते रफूताईने पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं नाही.

आणि तेव्हाच चौथी ओळ तिच्या जिभेवर आली. पुरी, चालीसकट, तिच्या नवऱ्याच्या घशातल्या हसण्यासकट, कारण त्या ओळीलाच तो हसायचा. ती एवढी एकच दुमडीत उरली होती. सुईला अजून सापडली नव्हती.

आतली मान वळू लागली. गालाची कड दिसली, कानातलं दिसलं.

रफूताईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि जिना उतरली. डबी राहिली. पहिल्या पायरीला तिच्याकडे चारही ओळी होत्या. मधल्या वळणावर दोन उरल्या. रस्त्यावर आली तेव्हा मुलीला येत होती ती पहिली, आणि ओठांमागे गच्च धरलेली शेवटची.

८

मुलगा झाला. सगळं नीट पार पडलं. रफूताईचा हात बाळाच्या अंगाला तेल लावताना जराही चुकला नाही. जावई चारचौघांत सांगत फिरतो की सासूबाई आल्या आणि घराला घरपण आलं. मुलीला आई पूर्वीसारखीच दिसते. आई कधी कधी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहते, एवढंच.

दुपारी बाळ किरकिरलं की रफूताई मांडीवर घेते. सुई गेली गावाला, दोरा बसला रुसून, एवढे शब्द, मग दोन ओळींएवढं नुसतं गुणगुणणं, मग गप्प. बाळाला तेवढं पुरतं.

एकदा मुलगी दारातून म्हणाली, "आणि शेवटी काय होतं गं? शेवटी काहीतरी गंमत होती. बाबा हसायचे."

रफूताईने तोंड उघडलं. ओळ तयार होती. पहिलं अक्षर ओठांवर आलं आणि मधल्या बोटाला, घट्टा असायचा तिथे, हलकीशी ओढ बसली. कोणीतरी धाग्याचं टोक चिमटीत धरून तो निघतो का पाहावं, तशी.

तिने तोंड मिटलं.

"नाही आठवत," ती म्हणाली, आणि बाळाला थोपटत राहिली, उजवा हात मुठीत मिटून.